श्रावणातली एकशिपी

आमच्या घरात समुद्राचं पाणी आहे ही गोष्ट मी कॉलेजात बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. लाज वाटत होती असं नाही. पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटेल का, याची मला खात्री नव्हती. आमचं गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. भात, नाचणी, थोडी भाजी. गावातल्या पुष्कळ बायांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. माझ्या आईनं एकदाच पाहिलाय, तोही एसटीच्या खिडकीतून. अशा गावात, आमच्या ओटीवर, भिंतीला लागून एक मोठी काचेची टाकी आहे, तिच्यात खारं पाणी आहे आणि त्या पाण्यात एक फुलपाखरू मासा राहतो. हे वाक्य मी आत्तासुद्धा लिहून दोनदा वाचलं.

टाकी दादाची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. बारावीनंतर तो कल्याणला शोभेच्या माशांच्या दुकानात लागला. दुकानात बसण्यापेक्षा लोकांच्या घरी, दवाखान्यांत, ऑफिसांत जाऊन टाक्या साफ करणं हे त्याचं खरं काम. घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकानं आपली टाकी दुकानातच सोडून दिली, ती शेठनं दादाला नेऊ दिली. गोधड्यांत गुंडाळून ती टेम्पोतून आली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "एवढ्या काचेत ठेवणार काय रे? म्हैस?"

"समुद्र," दादा म्हणाला.

"मंग ठीकाय. मला वाटलं काय मोठं आणलंस."

पण दादानं खरंच समुद्र केला. त्यासाठी वेगळं मीठ असतं. आईनं पहिल्या दिवशी मिठाचा डबा पुढे केला होता, तो त्यानं हसून परत दिला. जेवणातल्या मिठानं मासे मरतात. ते मीठ शुद्ध पाण्याच्या जारांमध्ये कालवायचं, रात्रभर पंप लावून ढवळत ठेवायचं, मग एका लहान दुर्बिणीसारख्या यंत्रात त्याचा थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. आत एक निळी-पांढरी रेघ दिसते. रेघ कुठं आली त्यावरून खारटपणा कळतो. दादानं मला पहिल्यांदा त्यातून बघायला दिलं तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं, तरी मी "हो, दिसतंय" म्हणाले होते. आता नीट दिसतं.

टाकीतलं पाणी उडून कमी झालं की वरून साधं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. हे मला पटायला वेळ लागला. आईला नाही लागला. "आमटी आटली की खारट होते, मंग पानी नाय घालत आपण?" एवढंच म्हणून ती आत गेली.

पहिलं वर्ष टाकीत फक्त दगड होते. समुद्रातले सच्छिद्र दगड, ज्यांच्यावर बारीक जीव वाढतात आणि पाणी निवळत ठेवतात. शेजारची काकू रोज येऊन बघायची आणि विचारायची, "शिजले का रे दगड?" मग दादानं केशरी-पांढऱ्या माशांची एक जोडी आणली. ती दोघं खादाड आणि भांडखोर होती, हात दिसला की काचेला येऊन भिडायची. त्यांच्यासाठी सगळा गाव येऊन गेला. आणि मग यंदा, ज्येष्ठात, तो आला.

त्यालाही एका गिऱ्हाइकानं परत आणून दिलं होतं. कारण एकच: खात नाही. ह्या जातीचं हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे असं दादा म्हणाला. समुद्रातून आणलेले हे मासे काचेत आले की पुष्कळदा खाणं सोडून देतात आणि हळूहळू संपतात. दुकानात त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दादानं त्याला पिशवीत घेतलं, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, खोकं मांडीवर, आणि कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून गावापर्यंत एसटीनं आणलं.

त्याचं रूप मला नीट लिहिता येईल का, शंका आहे. मी बी.एस्सी.ला आहे, दुसऱ्या वर्षाला, आणि विषय प्राणिशास्त्र आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमच्या पुस्तकातल्या आकृतीत मासा नेहमी डावीकडे तोंड करून असतो, काळ्या रेघेत, परांना बाण लावलेले. हा मासा कुठल्याच बाजूला तोंड करून थांबत नव्हता. अंगानं ताटलीसारखा चपटा. समोरून बघितला तर जवळजवळ नाहीसाच व्हायचा, आणि वळला की एकदम सगळा दिसायचा. रुपेरी पांढरं अंग, त्यावर वरून खाली उतरणारे नारिंगी पट्टे, प्रत्येक पट्ट्याला गडद बारीक काठ. जणू कुणीतरी बसून काठ विणलेत. एक पट्टा बरोबर डोळ्यावरून जातो, त्यामुळे खरा डोळा पटकन सापडत नाही. आणि मागे, शेपटीच्या अलीकडे वरच्या बाजूला, एक काळा गोल ठिपका, फिकट कडी असलेला. तोच डोळा वाटतो. शत्रूनं चुकीच्या टोकावर झडप घालावी म्हणून ही सोय, असं दादानं सांगितलं. पुढे मी पुस्तकात शोधलं, तिथं एक ओळ होती. ती ओळ मी आधी पाठ केली असती तर विसरले असते. आता विसरणार नाही.

आणि त्याचं तोंड. लांब, निमुळतं, चिमट्यासारखं. आईनं बघताक्षणी त्याला "नाकाड्या" म्हटलं आणि तेच राहिलं.

नाकाड्यानं पहिले कित्येक दिवस काही खाल्लं नाही. दादा कामावरून आला की डबा ठेवायच्या आधी टाकीसमोर उकिडवा बसायचा. कोरडं खाणं टाकून बघितलं, तो बघायचाही नाही. मग त्यानं गोठवलेल्या वड्या आणल्या. समुद्रातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या असतात त्या, फ्रीजरमध्ये ठेवायच्या. वडी पाण्यात विरघळली की केशरी जोडी तुटून पडायची आणि नाकाड्या कोपऱ्यात उभा राहून बघायचा. ओळखीच्या नसलेल्या घरी पंगतीला बसवलेल्या पाहुण्यासारखा. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मी स्वतः कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पहिले काही महिने अशीच उभी राहायचे.

दादानं मात्र वाईट वाटून घेण्यात वेळ घालवला नाही. तो नुसता बघत राहिला. आणि बघता बघता त्याला दिसलं की नाकाड्या दिवसभर दगडांच्या भोकांत चोच घालतोय. काही सापडत नाही, पण घालतोय. म्हणजे वरून पडणारं अन्न त्याला अन्न वाटतच नव्हतं. त्याला शोधून काढलेलंच अन्न माहीत होतं. मग दादानं एक सच्छिद्र दगड बाहेर काढला, चिमट्यानं वडीतले बारीक तुकडे त्याच्या भोकाभोकांत कोंबले, केशरी जोडीला दुसऱ्या कोपऱ्यात खाण्यात गुंतवलं आणि दगड हळूच आत ठेवला.

नाकाड्या आला. एका डोळ्यानं भोक बघितलं. वळून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. मग चोच आत गेली.

दादानं माझा हात दाबला, इतका जोरात की दुखलं. टाक्या धुणारा मुलगा म्हणून गावात त्याची थोडी थट्टा होते, मला माहीत आहे. पण त्या दिवशी मला वाटलं की एखाद्या मुक्या जिवाला काय कळत नाही हे इतक्या शांतपणे ओळखणं, हे फार थोड्या लोकांना जमत असेल. मी प्रयोगशाळेत बेडकाची आकृती काढते तेव्हा अजून आधी मैत्रिणीच्या वहीत बघते.

तेवढ्यात आषाढ संपला.

आमच्याकडे श्रावण पाळतात. सगळं गावच पाळतं, पण आई जरा जास्त. अमावास्येला शेवटचं वशाट, म्हणजे मासळी-मटण. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर धुवायला सुरुवात. मासळीचा तवा घासून माळ्यावर जातो, मासळीची कढई जाते, मसाल्याच्या डब्याचं झाकणसुद्धा सोड्यानं धुतलं जातं. आणि फ्रीज. फ्रीज आल्यापासून ह्या धुण्यात त्याचाही नंबर लागतो. सगळं बाहेर काढायचं, कप्पे ऊन असेल तर उन्हात नाहीतर पडवीत, आतून लिंबाच्या पाण्यानं पुसायचं.

दादा त्या दिवशी पहाटेच नाशिकला गेला होता. तिथल्या एका हॉटेलात मोठी टाकी बसवायचं काम मिळालं होतं, शेठही बरोबर होता, दुकानाला कुलूप. आठवडाभराचं काम. जाताना त्यानं मला सगळं दोनदा सांगितलं होतं: पाणी खुणेपर्यंत, वडी दगडात, जोडीला आधी दुसरीकडे.

मी संध्याकाळी कॉलेजातून आले, फ्रीजर उघडला. आत बर्फाचा ट्रे होता. एक देवाच्या नैवेद्याचं खोबरं होतं. बाकी चकचकीत पांढरं.

"आई, नाकाड्याचं खाणं कुठंय?"

आई तुळशीपाशी दिवा लावत होती. "कुठलं?"

"चंदेरी कागदातल्या वड्या. फ्रीजरमध्ये होत्या."

तिचा हात थांबला. "ते खाणं होतं त्याचं?"

"मग काय होतं?"

"डोळे दिसत होते गो त्यात. बारीक बारीक काळे. मला कोलीम वाटली, ती बारीक कोळंबी. दादानं आणून ठेवली असंल आणि इसरला असंल म्हनलं. श्रावनात फ्रीजमदी वशाट कसं ठेवू?"

"मग?"

तिनं दिव्याची वात पुढे सारली. बाबा ओट्यावर बसले होते, तेच बोलले. "कोंबड्यांना घातलं. सकाळपासून तोऱ्यात फिरतायत."

पहिल्या दिवशी कुणी फार मनावर घेतलं नाही. मी कोरडं खाणं भिजवून दगडाच्या भोकांत भरलं. नाकाड्या आला, एका डोळ्यानं बघितलं, दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, चोच घातली, आणि तुकडा फुंकून बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी तेच. नंतर तो दगडाकडे यायचाच बंद झाला. ह्या माशाच्या अंगावर साठवलेलं काही नसतं. उपासात त्याचं पोट आत जातं आणि पाठीचा वरचा काठ धारदार दिसायला लागतो. चपट्या अंगावर ते लवकर दिसतं. पट्टे मात्र तसेच होते, तेवढेच सुंदर, आणि मला तेच बघवत नव्हतं.

आईला मी काही बोलले नाही. बोलायचं काय? तिनं दर वर्षी करते तेच केलं होतं. पण ती स्वतःच दर थोड्या वेळानं ओटीवर यायची. हातात सूप असायचं, नाहीतर झाडू, म्हणजे कामासाठी आल्यासारखं वाटावं.

"जेवला काय गो?"

"नाय."

"दूध बुडवून दिलं तर?"

"नाही चालत, आई."

"खोबरं?"

शेजारची काकू आली होती, ती म्हणाली, "अगो, त्यानं पण श्रावण धरलाय. तुझ्या घरचं पाणी लागलं त्याला." एरवी आई ह्यावर मोकळी हसली असती. त्या दिवशी नाही हसली. काकू गेल्यावर ती टाकीशेजारी खाली बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "श्रावन पाळते तो जीव जाऊ नये म्हनून. आनि माज्याच हातनं ह्याचं अन्न गेलं. हा गेला तर कसला श्रावन माजा?"

मी फोन लावला. दादाच्या आवाजामागे ड्रिल मशीनचा आवाज येत होता. मी त्याला वड्यांचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. मग म्हणाला, "कोंबड्यांना? सगळ्या?" आणि हसला, पण ते हसणं फार टिकलं नाही. त्यानं विचारलं, पोट किती आत गेलंय. मी सांगितलं. तो म्हणाला, "दुकान उघडेपर्यंत नाय थांबायचा तो. तिसऱ्या मिळतात का बघ. जिवंत, तोंड मिटलेल्या. एक शिंपी काढायची, मास दुसऱ्या शिंपीला तसंच ठेवायचं, कच्चं. समुद्रात तेच खातो तो. दगडाच्या फटीत बसव." आणि लगेच: "पण आईला विचार आधी. श्रावण आहे. तिला न विचारता घरात आणू नको."

तिसऱ्यांचं, म्हणजे त्या शिंपल्यांचं, मी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं ऐकलं. निवडत राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "तिसरी पन जीवच ना?"

प्राणिशास्त्रात तिसरी मृदुकाय प्राण्यांत येते आणि मासा पृष्ठवंशीय प्राण्यांत, एवढंच मला सांगता आलं असतं, आणि त्यानं तिचं काय भागणार होतं? बाबा मध्येच म्हणाले, "समुद्रात काय श्रावण असतो काय? तिथं हा रोजच वशाट खातो." आई त्यांना म्हणाली, "तुमी नका सांगू. तुमाला श्रावनातपन सुक्या बोंबलाची सपनं पडतात." आणि तांदळाचं ताट घेऊन आत गेली. मला वाटलं, झालं, विषय संपला.

सकाळी मी एसटीसाठी निघाले तेव्हा ती मागून उंबऱ्यापर्यंत आली. "मुरबाडला मिळतील काय तिसऱ्या? असल्या तर आन. घरात नाय आणायच्या, पडवीत. आनि फ्रीजमदी नाय."

श्रावणात मुरबाडच्या मासळी बाजारात शुकशुकाट असतो. ओटे धुतलेले, रिकामे. एकच मावशी टोपली घेऊन बसली होती, तिच्याकडे थोडी कोळंबी आणि ओल्या फडक्याखाली तिसऱ्या. मी फडकं उचलून मिटलेल्या तोंडाच्या निवडायला लागले तेव्हा ती म्हणाली, "कुनाच्या घरचा श्रावन मोडतेस गो?"

"माशासाठी हव्यात."

"माशासाठी?" ती शेजारच्या रिकाम्या ओट्याकडे वळली, जणू तिथं कुणी ऐकायला बसलं होतं. "ऐकलं काय? आता मासे पन बाजारात मानसं पाठवायला लागले." पण तिनं निवडून दिल्या, आणि मोकळ्या तोंडाची एक मी चुकून उचलली होती ती काढून घेतली. "ही मेलेली. ही नको खायला घालू त्याला."

पिशवी ओली होती. एसटीत मी ती पायांशी ठेवली, तरी धसईच्या अलीकडे आमच्या गावच्या एक काकी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांचं नाक लगेच खाली वळलं.

"वशाट काय गो? तुझी आई तर कडक पाळते."

"आमच्याकडे मासा आहे ना काकी, काचेतला, त्याच्यासाठी."

"होय होय," त्या अगदी समजूतदारपणे म्हणाल्या. "आमच्याकडं पन श्रावनात मांजरच खातं सगळं." आणि अख्खा रस्ता गालातल्या गालात हसत राहिल्या.

मला स्वतःबद्दल काही वाटलं नाही. पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात फिरणार आणि आईच्या नावाला लागणार हे मला कळत होतं. घरी आल्यावर मी तिला ते सांगितलं. मला वाटतं, तिला माघार घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बोलू दे. तिच्या घरात कुनी उपाशी हाय काय?"

तो सोमवार होता. आईचा उपास, संध्याकाळी सोडायचा. तिनं पडवीत गोणपाट अंथरलं. माळ्यावरून जुनी विळी काढली. मी तिला दादाचं म्हणणं समजावून सांगायला लागले की एक शिंपी काढायची, मास दुसरीला चिकटलेलं ठेवायचं, तुटू द्यायचं नाही. तिनं मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे एकशिपी."

"हो."

"मंग तसं सांग ना गो. एवढं काय इंग्लिश सांगितल्यासारखं सांगतेस."

एकशिपी आमच्याकडे ती नेहमीच करते, श्रावण सोडून. तिसरीची एक बाजू टाकायची, मास एका शिंपीत ठेवून वाटणात शिजवायचं. पण ते काम मी कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. ती विळीवर पाय ठेवून बसली. तिसरी हातात घेतली. आणि मग तिनं एक क्षण डोळे मिटले, ओठ हलले. "चुकलंमाकलं पदरात घे," एवढं मला ऐकू आलं. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. देवाला म्हणाली असेल. तिसरीलाही म्हणाली असेल. मग पात्यावर हात एकदा फिरला आणि शिंपी उघडली. आतलं मास अखंड, पिवळसर, ओलं, कडेला किंचित थरथरतं. पात्याचा ओरखडा कुठे नाही. मी मागच्या आठवड्यात प्रात्यक्षिकात गांडूळ उघडताना त्याचं काय केलं होतं ते मला आठवलं.

"घे. मी आत नाय येत, विटाळलेली हाय. तू ठेव."

केशरी जोडीला मी दुसऱ्या कोपऱ्यात दाणे टाकले. शिंपी स्वच्छ पाण्यात हलकेच बुचकळली, मग लांब चिमट्यात धरून दोन दगडांच्या मधल्या फटीत बसवली, मास बाहेर दिसेल अशी. हात बाहेर काढला. मागे सरकले.

आई पडवीच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे, खरकटे हात अंगापासून लांब धरून. तिथून तिला टाकीचा अर्धाच भाग दिसत होता.

"आला?"

"नाय अजून."

नाकाड्या वरच्या कोपऱ्यात होता, पंपाच्या धारेपाशी, हलत नव्हता. मला वाटलं उशीर झाला. तिसरीचा वास पाण्यात पसरायला किती वेळ लागतो मला माहीत नव्हतं. केशरी जोडीतली मोठी मादी दाणे सोडून इकडे वळली. मी काचेवर बोट ठेवून तिला तिकडेच अडवायला बघत होते.

मग तो वळला. म्हणजे आधी तो एक रेघ होता आणि वळल्यावर मासा झाला, सगळे पट्टे एकदम उजळून. खाली उतरला. फटीसमोर थांबला. डाव्या डोळ्यानं बघितलं. सावकाश फिरला, उजव्या डोळ्यानं बघितलं. मागचा तो खोटा डोळा माझ्याकडे रोखलेला. मग त्यानं पाठीवरचा पर ताठ केला, तोंड खाली झुकवलं आणि चोचीनं शिंपीतला इतका बारीक चिमटा घेतला की घेतला की नाही तेच कळेना. थांबला. पुन्हा घेतला. मग पुन्हा. आता दिसत होतं: प्रत्येक चिमट्याला अंगाला एक झटका, मासाचा धागा ताणला जायचा आणि तुटायचा, आणि तो मागे न सरता तिथंच तरंगत राहायचा, दुसरा चिमटा घ्यायला. इतक्या दिवसांच्या भुकेनंतर मी असते तर तुटून पडले असते. तो एक एक घास बघून घेत होता.

"खातोय," मी म्हणाले. "आई, खातोय तो."

ती उंबऱ्यावरून आत आली. विटाळलेली, हात तसेच. टाकीसमोर गुडघे टेकून बसली. तिनं त्याला इतक्या जवळून आधी कधी बघितलंच नसावं, कारण ती म्हणाली, "काठ बघ गो त्याचे. पैठणीचे करनारा पन असे नाय करत."

दादानं बजावलं होतं की तिसरी पाण्यात फार वेळ राहू द्यायची नाही, पाणी नासतं. थोडा वेळ गेला. मी चिमटा हातात घेतला आणि उठले.

आईनं माझी ओढणी मागे ओढली. "काय करतेस?"

"काढायला हवी. पाणी खराब होईल."

"जेवतोय तो."

"पण आई, दादा म्हणाला…"

"जेवनाऱ्याच्या पुढनं ताट उचलतात काय? शिकवलंय कुनी तुला असं?"

मी चिमटा घेऊन तशीच उभी राहिले. पाणी थोडं जास्त बदलावं लागेल, असा हिशेब मी मनात करून टाकला. तो खात होता. केशरी मादीनं दोनदा येऊन बघितलं, नाकाड्यानं पर उभारून तिला बाजूला केलं आणि परत शिंपीवर आला. हे त्यानं कधीच केलं नव्हतं. शिंपी आतून पांढरी, गुळगुळीत, मोत्यासारखी झाली तेव्हाच तो तिच्यापासून हटला आणि दगडांच्या मागे गेला.

मग मी ती काढली. आई उठली, पडवीतली विळी धुतली, गोणपाट धुतलं, उरलेल्या तिसऱ्या ओल्या फडक्यात बांधून पडवीच्या गार कोपऱ्यात ठेवल्या आणि दुपारी दुसऱ्यांदा डोक्यावरून अंघोळ केली. केसांचं पाणी निथळत असतानाच ती पुन्हा ओटीवर आली. टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उद्याला किती करू?"